शनिवारचे मदतनीस

शनिवारी सकाळी बारकीच्या घरात जी गडबड असायची ती बारकीची नव्हे, तिच्या बापाची. पोरीचे केस नीट विंचरलेत का, शर्टावरचा बिल्ला सरळ बसलाय का, हे तो स्वतः उकिडवा बसून तपासायचा. बिल्ला म्हणजे पिवळ्या कापडाचा तुकडा आणि त्यावर निळ्या दोऱ्याने शिवलेला एक शब्द, मदतनीस. बापाला वाचता येत नव्हते. पण हा एक शब्द तो लांबूनही ओळखायचा.

"वाकडा आहे गं. इकडे ये."

"बाबा, उशीर होतोय."

"होऊ दे. मदतनिसाला कोण ओरडतंय?"

आई ओट्यापाशी डबा भरत होती. ती पाठमोरीच म्हणाली, "एवढा मान आहे, तर हिला चित्रकलेची वही आणायला कधी कसं सांगत नाहीत हो? बाकीच्या आया वह्या नि रंग आणून मेटाकुटीला आल्या."

"मदतनिसाला शाळाच देत असेल."

"नखांत रंग असतो पोरीच्या. कागदावर मात्र एक रेघ बघितली नाही मी."

"तुझं आपलं काहीतरीच," असे म्हणून त्याने बिल्ल्याची टाचणी पुन्हा लावली. बारकीने दप्तर उचलले. आईला कळले होते आणि पोरीला तर केव्हाच कळले होते, पण त्या माणसाचा फुललेला चेहरा बघून दोघीही गप्प राहत.

बापाचा अभिमान का, ते सांगितले पाहिजे, नाहीतर तुम्ही त्याला भोळसट म्हणाल. तो शहराची गटारे उपसायच्या कामावर होता. त्या कामात दोन तऱ्हेची माणसे असतात. एक चेंबरमध्ये उतरतो, दुसरा वर दोर धरून उभा राहतो. वर उभा राहणाऱ्याला तिथे मदतनीस म्हणतात. मदतनिसाचे कपडे कोरडे राहतात. तो दुपारी डबा खातो आणि त्याला चव लागते. संध्याकाळी घरी गेला की आंघोळीची वाट न बघता मुलाला कडेवर घेतो. बाप लग्नाआधीपासून आत उतरत होता आणि मुकादम दर वर्षी "पुढच्या साली तुला वर घेतो" म्हणून त्याच्या तोंडाला पाने पुसत होता. अशा माणसाची लेक पहिल्या आठवड्यातच शाळेत मदतनीस झाली! त्याने त्या दिवशी सगळ्या टोळीला चहा पाजला. "आपण राहिलो खाली, पण पोरगी वर गेली," हे वाक्य त्याने इतक्या जणांना ऐकवले की लोक त्याला बघून रस्ता बदलू लागले. वस्तीतल्या सगळ्याच मुलांना तोच बिल्ला मिळाला होता. त्याचा अर्थ त्याने एवढाच लावला की आपल्या वस्तीतली पोरे हुशार.

शाळा वाईट नव्हती. मास्तर मारत नसत, भिंतींना दर वर्षी रंग लागे, आणि दारावर 'सर्वांगीण विकास' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. शनिवारी गणित नाही, व्याकरण नाही. चित्रकला, मग मैदान, मग वाचनालय. मुले शुक्रवारपासून उड्या मारायची.

मदतनीस मुले चित्रकलेच्या तासाला वाट्यांत पाणी भरत, खराब पाणी ओतत, ब्रश धुऊन पुसून डब्यात उभे करत. मैदानावर ती फक्कीने धावपट्ट्या आखत, जाळीच्या खोलीतून चेंडू नि रस्सीखेचीचा जाडजूड दोर ओढत आणत आणि खेळ संपला की परत नेऊन ठेवत. वाचनालयात ती फडक्याने पुस्तके पुसत. चित्र काढू नका, पळू नका, वाचू नका असे त्यांना कुणी कधी म्हटले नव्हते. फक्त बाकावर जागा उरत नसे, संघ पूर्ण झालेले असत, आणि वाचायला घ्यायचे पुस्तक आधीच कुणाच्या तरी हातात असे.

बारकी पुसता पुसता वाचायची. पुस्तक जिथे उघडेल ते पान, फडके फिरेपर्यंत. त्यामुळे तिला कितीतरी गोष्टींचा मधलाच भाग ठाऊक होता. संध्याकाळी ती बापाला सांगायची, "मग तो राजा होडीत बसला आणि होडीला भोक होतं."

"मग बुडाला काय?"

"ते पुढच्या शनिवारी."

पुढच्या शनिवारी दुसरेच पान उघडायचे. बापाला वाटे, मोठी लांबलचक गोष्ट आहे.

त्या वर्षी चित्रकलेला नव्या बाई आल्या. वय लहान, नेमणूक कच्ची, आणि अंगात उत्साह इतका की जुन्या शिक्षकांना बघूनच दमायला व्हायचे. एका शनिवारी त्या नळापाशी हात धुवायला गेल्या, तर बारकी वाट्यांतले उरलेले रंगीत पाणी कातळाच्या कट्ट्यावर ओतत होती आणि बोटाने ओढत होती. बाई मागे उभ्या राहिल्या. कट्ट्यावर एक माणूस उमटला. वाकलेली पाठ, हातात बादली, एक पाय जड. उन्हाने तो कडेकडेने वाळत चालला होता. बारकीने शेवटची वाटी ओतून त्याला धुऊन टाकले, तेव्हा तिला मागे बाई दिसल्या.

"धुतला, बाई. डाग नाही राहिला."

"का धुतलास? सुरेख होता. तुझी वही दाखव बघू."

"वही नाही, बाई. मी मदतनीस आहे."

"मग?"

बारकीला प्रश्नच कळला नाही. इतके साधे बाईंना कसे माहीत नाही, असे तिला वाटले. "मदतनीस काढत नाहीत," तिने समजावून सांगितले.

बाई तडक मोठ्या सरांकडे गेल्या. मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणत. माणूस मवाळ, कुणाला अरे-तुरे न करणारा. त्यांनी बाईंना खुर्ची दिली आणि दार लोटून घेतले.

"मी स्वतः असलं काही मानत नाही हं," ते म्हणाले. असे सुरू होणारे बोलणे कुठे जाते, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. "पण ब्रश शाळेचे आहेत. सगळ्यांत मिळून वापरायचे. आणि मुलांची सवय तुम्ही बघितली असेल, टोक काढायला ब्रश तोंडात धरतात. मागे एकदा वस्तीतल्या पोरानं धरलेला ब्रश दुसऱ्या मुलाच्या तोंडात गेला. आठवडाभर पालक माझ्या डोक्यावर बसले होते. निम्मी मुलं शाळा सोडून जायला निघाली."

"पण सर, ते ब्रश धुतंय कोण? हीच मुलं."

"धुणं वेगळं, बाई. मग मीच ही मदतनिसाची कल्पना काढली. बिल्ला शिवला. त्यांनाही मान, आणि कुणाची तक्रार नाही. सगळे खूश आहेत. तुम्हीच विचारा त्यांना."

दुष्ट माणसाशी भांडता येते. आपण भलेच करतो आहोत अशी खात्री असलेल्या माणसाशी कसे भांडायचे?

दुसऱ्या शनिवारी त्यांनी पर्समधून आपला स्वतःचा ब्रश काढला आणि बारकीच्या हातात दिला. एक जाड कागदही दिला. "हा शाळेचा नाही, माझा आहे. आता तुझा. काढ."

पोरीने ब्रश घेतला आणि सवयीने नळाखाली धरला.

तीन-चार शनिवार ती नळामागच्या कोपऱ्यात बसून काढत राहिली. तिच्या वाटणीचे ब्रश तेवढ्या वेळात वस्तीतली बाकीची पोरे धुऊन टाकत. कुणी त्यांना सांगितले नव्हते. चित्रात बाप होता. रस्त्यावरचे झाकण उघडे आणि बाप वर, काठावर, ताठ उभा. हातात दोर. दोर खाली गेलेला. अंगात पिवळाधमक शर्ट, कारण वाट्यांच्या तळाशी पिवळाच काय तो उरलेला असे.

"बाबा, मी तुम्हाला वर उभं केलंय," तिने घरी सांगितले.

एका शनिवारी शाळा बघायला वरून पाहुणे येणार होते. पसंत पडली तर 'आदर्श शाळा' अशी पाटी मिळणार होती. त्यासाठी सभागृहात मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन, मैदानावर कवायत, वाचनालयात पुस्तकांची आरास. बाईंनी बारकीचे चित्र लावू का म्हणून विचारले, तेव्हा मोठे सर "बघू" म्हणाले. बाईंनी त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि आदल्या दिवशी संध्याकाळी चित्र दर्शनी भिंतीवर टांगले. बारकीला म्हणाल्या, "उद्या बाबांना घेऊन ये."

बापाने त्या दिवशी कामावर खाडा केला. दोनदा आंघोळ केली. नखांत काडी घालून घालून बोटे लाल करून घेतली. ठेवणीतला पांढरा शर्ट घातला. आईला म्हणाला, "तूही चल."

"आधी तुम्ही बघून या," आई म्हणाली. तिला का कुणास ठाऊक, धीर होत नव्हता.

सभागृहाच्या दारातून बापलेक भिंत बघत निघाले. फुले, डोंगर, घरे, पुन्हा फुले. मधोमध एक खिळा होता. खिळ्याला दोरा होता. दोऱ्याला काही नव्हते.

"इथेच होतं, बाबा."

बाई धावत आल्या आणि त्यांचाही चेहरा उतरला. तेवढ्यात मागच्या व्हरांड्यातून एकच ओरडा झाला. मुतारीचे चेंबर तुंबले होते. काळे पाणी फरशीवरून सभागृहाच्या दिशेने येत होते आणि पाहुणे यायला थोडाच अवकाश होता. मोठे सर घामाघूम होऊन आले. त्यांनी बापाला बघितले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"तुम्ही बारकीचे वडील ना? अगदी देवासारखे धावून आलात!"

"सर, पोरीचं चित्र..."

"चित्र माझ्या खणात आहे, जपून ठेवलंय. गटाराचं चित्र एकदम समोर नको, म्हणून काढलं होतं. पण तुम्ही तेवढं चेंबर मोकळं करून द्या. मी माझ्या हातानं लावतो. शब्द देतो."

"सर, हे बरोबर नाही," बाई म्हणाल्या. "ते पाहुणे म्हणून आलेत. मी बोलावलंय त्यांना."

बापाने बाईंकडे बघितले. त्याला त्यांची कीव आली की काय, कोण जाणे. "राहू द्या बाई. चित्र लागतंय ना?" मग तो मोठ्या सरांना म्हणाला, "पण सर, आज माझ्याबरोबर माझा मदतनीस नाही. दोर धरायला वर माणूस लागतं. आणि झाकण काढून जरा थांबावं लागतं, घाण हवा जाऊ द्यावी लागते."

मोठ्या सरांनी घड्याळ बघितले. मग खेळाच्या सरांकडे बघितले. खेळाचे सर आपल्या शिट्टीकडे बघू लागले.

"मदतनीस?" मोठ्या सरांना एकदम हलके वाटले. "मदतनीस आहेत की आपल्याकडे! बारके, जा, सगळ्यांना बोलाव. आणि तो रस्सीखेचीचा दोर आण."

पोरे आली. एका ओळीत उभी राहिली. प्रत्येकाच्या छातीवर पिवळा बिल्ला होता. बापाने तो शब्द आजवर असा ओळीने बघितला नव्हता, आणि त्या ओळीत वस्तीबाहेरचे एकही पोर नव्हते. आता तो एकेक बिल्ला बघत शेवटी बारकीपाशी आला. तिने मान खाली घातली. त्याच्या लक्षात सगळे आले. वह्या का मागत नाहीत ते, नखांत रंग कसला ते, आणि राजा होडीत बसून पुढे कधीच का बुडत नाही, तेही.

शर्ट काढून त्याने नीट घडी केली. कुठे ठेवावी कळेना, तेव्हा बाईंनी हात पुढे केले. दोर कमरेला बांधून तो उतरला.

तो दोर त्या पोरांनी दर शनिवारी वाहून आणला होता आणि वाहून परत नेला होता. खेळायला तो कधी त्यांच्या वाट्याला आला नव्हता. आज पहिल्यांदा त्यांनी तो ओळीने हातांत धरला, सगळ्यांत पुढे बारकी. रस्सीखेच चालते तेव्हा मैदानावर केवढा आरडाओरडा असतो! इथे कुणी चकार शब्द काढला नाही. पोरे कान देऊन होती.

पाणी सळसळत खाली गेले. फरशी मोकळी झाली. मोठे सर "शाबास" म्हणून पाहुण्यांच्या स्वागताला पळालेसुद्धा. आणि दोर ढिला पडला.

"बाबा!"

आतून उत्तर नाही.

"ओढा रे!" बारकी किंचाळली. पोरांनी पाय रोवले. हात सोलवटले. शर्टाची घडी काखेत मारून बाईंनीही दोर धरला. बाकीचे शिक्षक नाकाला रुमाल लावून उभे होते, आणि त्यांतल्या एकाचाही हात त्या ओल्या दोराला लागला नाही. अखेर काठावर बापाचे डोके आले, मग खांदे. पोरांनी त्याला फरशीवर ओढून घेतले. तो बराच वेळ खोकत आणि ओकत पडून राहिला. पुढच्या फाटकातून तेव्हा बँडचा आवाज येत होता.

मोठ्या सरांनी शब्द पाळला, हे नमूद केले पाहिजे. पाहुणे आत शिरायच्या आधी त्यांनी चित्र त्या खिळ्यावर टांगले. पाहुणे त्याच्यापुढे थांबलेदेखील. "वा! विहिरीतून पाणी काढणारा माणूस! कुणी काढलंय?"

"आमच्या मदतनीस योजनेतलं आहे, साहेब," मोठे सर म्हणाले. "श्रमाची प्रतिष्ठा. एक नवा प्रयोग."

पाहुण्यांनी योजनेची चौकशी केली. मदतनिसांना बघायची इच्छा दर्शवली. पोरांना घाईघाईने नळाखाली हातपाय धुवायला लावून भिंतीपाशी उभे केले. सोललेले तळवे त्यांनी पाठीमागे धरले होते.

बाप उठला होता. त्या अवस्थेत आत जाता येणार नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पण चित्राच्या बरोबर समोर एक खिडकी होती. तो भिंतीला धरत धरत त्या खिडकीशी आला. पाहुण्यांनी नाक आक्रसले.

"कसला तरी वास येतोय."

"बारके," वाचनालयाच्या बाई हळूच म्हणाल्या, "खिडकी लाव गं."

शनिवारी 'बारके' अशी हाक आली की तिचे पाय आपोआप निघत. ती गेली, तिने तावदान ओढले, आणि अर्ध्यावर बाहेर बघितले. बाप उन्हातून आतल्या अंधारात बघायची धडपड करत होता. डोळे लाल, पापण्यांवरून घाण निथळणारी. त्याने हातानेच विचारले, कुठे आहे? तिने बोट केले. मागून पुन्हा हाक आली, "लाव ना गं लवकर!"

तिने खिडकी लावली. कडीही घातली. काचा दुधी होत्या.

संध्याकाळी आईने विचारले, "बघितलं का चित्र?"

"बघितलं की," बाप भिंतीला टेकून खोकत म्हणाला. "झकास काढलंय. मला वर उभं केलंय. दोर धरून."

"कपडे काय घातलेत?"

"पांढरा शर्ट. हाच."

बारकीने आईकडे बघितले नाही. शर्ट पिवळा होता हे तिने सांगितले नाही, आणि पुढेही कधी सांगितले नाही.

शाळेला पाटी मिळाली. मदतनीस योजना इतर शाळांनीही राबवावी अशी पाहुण्यांनी शिफारस केली. रस्सीखेचीचा तो दोर कुणी हातात धरेना, म्हणून शाळेने नवा आणला. बाईंची कच्ची नेमणूक पुढे चालू ठेवायची नाही असे ठरले. बापाचा खोकला थांबला नाही. खोकणाऱ्या माणसाच्या हाती दोर कसा द्यायचा, असे म्हणून मुकादमाने त्याला वर घ्यायचे कायमचे रहित केले आणि आतच ठेवले.

पुढच्या शनिवारी बापाने बिल्ला बघितला नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. आई कात्री घेऊन बिल्ल्यावरचा शब्द उसवायला बसली, तेव्हा बारकीनेच तिचा हात धरला. "नको आई. बिल्ला नसला तर शनिवारी उभंसुद्धा राहू देत नाहीत."

शाळेत चित्रकलेच्या बाई सामान आवरत होत्या. त्यांनी ठरवले होते, गप्प बसायचे नाही. एकेका पालकाच्या दारात जायचे आणि विचारायचे, वस्तीतल्या मुलांनी ब्रश का धरायचा नाही? चारपाच दारांत त्या जाऊनही आल्या होत्या. पहिल्या दारात चहा मिळाला, पुढच्या दारांत तोही नाही. बारकी समोर येऊन उभी राहिली. तिने ब्रश पुढे केला.

"अगं, तुझा आहे तो. मी दिलाय तुला."

"नको, बाई. धुतलाय." मग ती घुटमळली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "पण डब्यात बाकीच्यांत ठेवू नका. वेगळा ठेवा. टोक नीट येत नव्हतं, म्हणून मी एकदा तोंडात धरला होता."

एवढे सांगून ती वाट्यांत पाणी भरायला गेली.

तुमचे मूल शनिवारी रंगवलेला कागद घेऊन घरी येत असेल, तर तो भिंतीला लावा, कौतुक करा. आणि सहज विचारा, ब्रश कुणी धुतला? ते म्हणेल, मदतनिसांनी. मग त्याला त्यांची नावे विचारा.